तळमजल्यावर हॉल आणि वर पुस्तकं, असा नकाशा आलाय. वाचनालयासाठी ठीक राहील का?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. नाशिकच्या सिडकोतली वाचनालयाची जुनी बैठी इमारत पाडून नवी बांधायची, पंचवीस हजार ग्रंथ आहेत, तळमजल्यावर भाड्याने द्यायला हॉल, देवघेव (पुस्तकं देण्या-घेण्याचा विभाग) आणि ग्रंथ वर. किती चौरस फूट लागतील आणि काय काळजी घ्यायची? चौरस फुटांचं नंतर बघू. आधी तो हॉल.

मी नाशकातल्या एका वाचनालयात एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होतो. नाव घेत नाही. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय नव्हे, आमचं अगदी लहान, गंगेपासून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) हाकेच्या अंतरावर. २००८च्या सप्टेंबरात पूर आला. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतो, आम्ही त्या दिवशी कपाटाचे किती खण बुडाले ते मोजत होतो. दोन बुडाले. खाली मासिकांचे बांधीव अंक होते, ते भिजून असे फुगले की कपाटातून निघेनात. शेवटी पहार लावून काढले.

त्यामुळे पुढे नव्या इमारतीचा विषय निघाला तेव्हा कार्यवाहांच्या हातात हुकमाचं पान होतं. पुस्तकं वर न्या. मला वाटलं, वर म्हणजे पहिल्या मजल्यावर. नकाशा आला तर तळाला हॉल, पहिल्यावर अभ्यासिका आणि देवघेव थेट दुसऱ्यावर. चव्वेचाळीस पायऱ्या. लिफ्टसाठी स्लॅबमध्ये चौकोन मोकळा सोडलेला, लिफ्ट 'पुढच्या टप्प्यात'. मी निवृत्त झालो तोवर त्या चौकोनावर पत्रा होता.

सभेत मी म्हटलं, जोतं चार फूट उचला. देवघेव, वर्तमानपत्रं आणि बालविभाग खाली ठेवा, बाकी ग्रंथ पहिल्या मजल्यावर. गंगापूर धरणातून पाणी सोडताना आधी इशारा मिळतो, तेवढ्या वेळात खालची चार कपाटं वर नेता येतात. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही पुस्तकं सांभाळा, बांधकाम आम्ही सांभाळतो." इतिवृत्तात एक ओळ आली : ग्रंथपालांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.

इमारत झाली, नारळ फुटला, ग्रंथ चढवायला सुरुवात केली. निम्मी कपाटं लागल्यावर कोणाला तरी सुचलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवावं. तो आला आणि त्याने काम थांबवलं. स्लॅब घराच्या हिशेबाने टाकला होता. घराला दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, ग्रंथांच्या मांडणीला ६००, तेही कपाटं सात फुटांपर्यंतच असतील तर. उंची वाढली की भारही वाढवून धरावा लागतो. हे भारतीय मानकात छापलेलं आहे, कोणाचं गुपित नाही. पण नकाशात दुसऱ्या मजल्यावरही नुसतं 'हॉल' लिहिलं होतं, 'ग्रंथभांडार' नव्हे, आणि स्लॅबचा हिशेब करणाऱ्याने ते घरातल्या हॉलसारखं वाचलं. मग कपाटं फक्त तुळयांच्या वर, मध्ये मोकळी जागा. नऊ हजार पुस्तकं गोण्या भरून जिन्याखालच्या खोलीत गेली, म्हणजे पुरापासून वाचवायला निघालेली पुस्तकं पुन्हा तळमजल्यावरच. दोन वर्षं तिथे होती. कसर लागली ती वेगळीच.

आणि वाचक? पंचवटीतल्या एक आजी दर सोमवारी दोन कादंबऱ्या न्यायच्या. पहिल्या सोमवारी जिन्याच्या वळणावर बसल्या, दुसऱ्या सोमवारी खालूनच हाक मारली. आमच्या शिपायाने मग वाड्यांतून भाजीसाठी सोडतात तशी दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून खाली सोडायला सुरुवात केली. पिशवीत चिठ्ठी यायची, पुस्तक जायचं. पाहता पाहता अशा पंधरा-वीस वाचकांची पिशवी सुरू झाली. एका रविवारी हॉलमध्ये साखरपुडा होता आणि ती पिशवी नेमकी अंगणात नवऱ्या मुलाच्या मामांच्या फेट्यावर उतरली. सोमवारी कार्यवाहांनी लेखी आदेश काढून पिशवी बंद केली. आजी त्यानंतर आल्या नाहीत. वर्गणी मात्र वर्षभर नातवाबरोबर पाठवत होत्या.

तर तुमच्या सिडकोत गोदावरी चढून येणार नाही. मग देवघेव वर नेण्याचं कारण काय? कारण भाडं, एवढंच. तसं असेल तर तसं म्हणा आणि हॉल वर न्या. साड्यांच्या प्रदर्शनाला लोक दोन मजले हसत चढतात. बारशाला पाळणासुद्धा चढवतात. पुस्तकासाठी साठीपुढचा माणूस चढत नाही, आणि आपले वर्गणीदार बहुतेक साठीपुढचेच. राहिली एमपीएससीची पोरं. ती कुठेही चढतील, त्यांना वरच ठेवा, पण हॉलच्या स्पीकरपासून लांब आणि स्वतंत्र जिन्याने. म्हणजे अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालली तरी ग्रंथविभागाला कुलूप लावता येतं.

आता चौरस फूट. तीन फुटी खणात मराठी पुस्तकं पस्तीसेक बसतात, पण नव्यांसाठी जागा सोडून पंचवीसच धरा. सहा खणांचं दुतोंडी कपाट, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायचं, त्यात ३००. पंचवीस हजारांना अशी ८०-८५ कपाटं, आणि दोन कपाटांमधली तीन फुटांची बोळ धरून एका कपाटाला साधारण १५ चौरस फूट. मुख्य वाट वगैरे धरून ग्रंथांनाच १,५०० ते १,६०० जातील. शिवाय वाचकाच्या दर खुर्चीला २५ चौरस फूट. दहा वर्षांनी किती पुस्तकं होतील ते तुमची दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) सांगेल, मागच्या दहा वर्षांची पानं उघडून बघा. आर्किटेक्ट ती मागणार नाही, तुम्हीच पुढे ठेवा.

दिवे कपाटांवर आडवे नकोत, बोळीच्या मधोमध लांबीने हवेत, नाहीतर खालचा खण कायम अंधारात. पश्चिमेला काच नको, मग ती संकल्पचित्रात कितीही छान दिसो. एप्रिलमधलं दुपारचं ऊन पुस्तकांचे कणे पांढरे करतं आणि जुलैचा पाऊसही त्याच बाजूने झोडपतो. कपाट भिंतीला चिकटवू नका, वीतभर सोडा. वाळवीचं औषध जोत्याच्या वेळीच मारून घ्या.

आता माझ्याच विरुद्ध दोन गोष्टी. शासनाचं अनुदान हप्त्यांनी आणि उशिरा येतं. माझ्या शेवटच्या तीन वर्षांचा पगार वेळेवर झाला तो त्याच हॉलच्या भाड्यावर. आणि मी जे चार फुटांचं जोतं सुचवलं होतं, त्याला एकास बारा उताराने ४८ फुटांचा रॅम्प लागला असता. तेवढी जागा आमच्याकडे नव्हती आणि सभेत मी तो हिशेब केलाही नव्हता. कार्यवाहांनीही केला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा. मी इंजिनिअर नाही. भाराचे आकडे तुमच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि नकाशावर प्रत्येक खोलीत नाव घाला : 'ग्रंथभांडार', मोठ्या अक्षरात.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या मजल्यावरची स्वच्छतागृहं आणि गच्चीवरची टाकी कुठे दाखवली आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुस्तकांच्या डोक्यावर असतील तर या आठवड्यातच हलवायला सांगा.