नाट्यरूपांतर : कशाचे, की कशात?

प्रश्न असा आहे : जर्मन नाटककार हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या एका सुखात्मिकेवर १९३७ साली जर्मनीतच चित्रपट निघाला. अशा चित्रपटाला जर्मनमध्ये 'थेआटरफेरफिल्मुंग' म्हणतात. मराठीत 'नाट्यरूपांतर' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार, अर्थ नेमका उलटा होईल. कादंबरीचे नाट्यरूपांतर झाले म्हणजे कादंबरीचे नाटक झाले. मराठी समासात आधी येते ते नवे रूप. जर्मन शब्दात आधी येते ते मूळ : थेआटर म्हणजे नाटक, फेरफिल्मुंग म्हणजे चित्रपट करणे. शब्दाला शब्द ठेवत गेलात की नाटकाचा चित्रपट झाला हे सांगताना चित्रपटाचे नाटक झाले असे सांगून बसाल.

मग 'चित्रपट-रूपांतर'? व्याकरणाला धरून आहे, पण माझे मन घेत नाही. आपल्या रंगभूमीवर 'रूपांतर' म्हटले की नावे, गावे, चालीरीती बदललेल्या असणार असे प्रेक्षक धरून चालतो. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला, ते खरे रूपांतर. १९३७च्या चित्रपटात तसे काहीच नाही. तेच डच खेडे, तोच न्यायाधीश आडम (नट एमिल यानिंग्स), आणि क्लाइस्टचे निर्यमक पद्य बरेचसे जसेच्या तसे. भाषा तीच, गाव तेच, बदलले ते माध्यम. म्हणून 'माध्यमांतर'.

हा शब्द कृत्रिम वाटतो अशी कुरकुर होईल, पण घडण जुनीच आहे. 'अंतर' म्हणजे इथे 'दुसरे' : दुसरी भाषा ते भाषांतर, दुसरा वेष ते वेषांतर. ('पाठांतर' मात्र वाट चुकले. संस्कृतात तो 'दुसरा पाठ', मराठीत घोकंपट्टी.) बोलताना 'नाटकावरून केलेला चित्रपट' म्हणावे, तिथे समासाचे अडलेले नाही.

माध्यम बदलले की किती फरक पडतो? या नाटकाला तर रंगमंच सोडण्याआधीच फटका बसला होता. ते एकअंकी, सलग चालणारे. १८०८ मध्ये जर्मनीतल्या वायमारला तिथल्या रंगभूमीचा संचालक, कवी-नाटककार गोएटेने त्याचे तीन अंक पाडले आणि प्रयोग पडला. खटला चालवणारा न्यायाधीशच गुन्हेगार, हे प्रेक्षक ओळखून असतो. न्यायाधीशाची टाळाटाळ सलग बघण्यातच गंमत, मध्ये पडदा पाडला की त्याला दम घ्यायला सवड मिळते. चित्रपटात मध्यंतर टाळता येते, हा चित्रपटाचा फायदाच.

आता न विचारलेले एक. नाटकाचे नाव 'डेअर त्सेरब्रोख्न क्रूग'. याचे मराठी 'फुटका घडा' करू नका. फुटका ही घड्याची अवस्था झाली, तो कालपासून फुटका असेल नाहीतर वीस वर्षांपासून. इथे घडा एका ठरावीक रात्री फुटला, आणि त्या रात्री काय झाले यावरच खटला आहे. 'फोडलेला' तर नकोच, त्यात फोडणारा आधीच धरला जातो. जर्मन क्रियापद 'फुटणे' आणि 'फोडणे' दोन्हींना चालते, त्यामुळे शीर्षक कोणावर बोट ठेवत नाही. मराठीत 'फुटलेला घडा' म्हटले की घटना राहते आणि आडमसाहेबही तेवढ्यापुरते सुटतात.