कन्फेशनमध्ये एखादं पाप सांगितलं होतं की राहून गेलं, हेच आठवत नसेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात लग्न आहे, त्याआधी नीट कन्फेशन, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली, करायचंय. कॉलेजच्या दिवसांतली एक गोष्ट पाप होती की नव्हती तेच नक्की नाही. ती फादरना कधी सांगितली की नाही, तेही आठवत नाही. आणि राहून गेली असेल तर मधल्या वर्षांतली सगळी कन्फेशनं आणि कम्युनियन (मिस्सा या उपासनेत घेतलेलं ख्रिस्तशरीर) फुकट गेली का, असा धसका घेतलाय. शिवाय होणाऱ्या नवऱ्याला सांगावं का, हेही विचारलंय.

फुकट काहीही गेलेलं नाही. जाणूनबुजून लपवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. विसरणं म्हणजे लपवणं नव्हे. हे माझ्या पदरचं नाही, 1551 साली कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट परिषदेच्या चौदाव्या सत्रात ठरलेलं आहे: मन नीट तपासूनही जी पापं आठवत नाहीत, ती त्याच कन्फेशनमध्ये आली असं धरायचं. आजचा चर्चचा कायदाही, त्यातलं कलम म्हणजे कॅनन 988, हेच म्हणतो. मन तपासल्यावर ज्या गंभीर पापांची तुम्हाला जाणीव आहे, ती प्रकार आणि संख्येसकट सांगा. जाणीव आहे ती. पुढे कधी एखादं गंभीर पाप आठवलंच, तर पुढच्या कन्फेशनला सांगायचं. क्षमा आधीच झालेली असते, तोवर कम्युनियन घ्यायलाही हरकत नाही.

उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तुमचा तो ‘सगळं फुकट गेलं का’ वाचला आणि मला आमचा दादा आठवला.

दादा माझ्याहून बराच मोठा, वेदीसेवक, तोंडपाठ धर्मशिक्षणवाला. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या आदल्या रात्री त्याने मला सांगितलं होतं की एक जरी पाप सांगायचं राहिलं तर उद्या जिभेवर ख्रिस्तशरीर नाही, निखारा पडेल. मी रात्रभर उशीखाली वहीचा कागद ठेवून पापं आठवत बसले. साखर खाल्ली, शेजारच्या मुलीची खडूची डबी घेतली, आईला उलट बोलले. सकाळी कागद घामाने भिजून अक्षरं पसरलेली. निखारा पडला नाही हे सांगायला नको, पण ती भीती पोटात राहिली ती राहिलीच. आमच्या पिढीत असे घरोघरचे दादा होते. शिकवणारे फादर इतके कडक नव्हते, मधले हे मुकादम कडक होते.

आता आईचं सांगते. आई नगरकडची, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला लहानपणापासून जाणारी. वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत लागले म्हणून पुण्यात आली. शेवटच्या काही वर्षांत तिचं विसरणं वाढत गेलं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. कन्फेशन मात्र विसरली नाही. म्हणजे कन्फेशनला जायचं हे विसरली नाही, जाऊन आलो हे विसरायची. शनिवारी संध्याकाळी जाऊन यायचो आणि रविवारी सकाळी पदर सारखा करत ती दारात उभी: ‘चल, माझं लई दिवसांचं राहिलंय.’

गुडघ्यांमुळे तिला कन्फेशनच्या खोक्यापाशी टेकता येत नसे. फादर बिचारे सॅक्रिस्टीच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीच्या) दाराशी दोन खुर्च्या मांडायचे. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ती ते काढून रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायची, आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही अशा बेताने बोलायची. ‘फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. माझं मागचं कन्फेशन होऊन…’ इथे गाडी अडायची. मग मागे वळून, दुसऱ्या बाकावर बसलेल्या मला मोठ्याने: ‘अगं, मी मागं कधी आले होते?’ रांगेतली पोरं फिदीफिदी हसायची. मी बोटाने ‘काल’ अशी खूण करायचे, ते तिला दिसायचं नाही. फादर म्हणायचे, ‘मावशी, जेवढं आठवतं तेवढं बास. बाकीचं त्यात आलं.’

‘बाकीचं म्हणजे किती?’

‘सगळं.’

मग ती सांगायला लागायची आणि मी उठून बाहेर व्हरांड्यात जायचे. पण एका शनिवारी पाऊस इतका होता की व्हरांड्यात पाण्याचे सपकारे येत होते, आणि मी आतच थांबले. जे कानावर पडायचं ते पडलं. त्यातलं अक्षरही इथे लिहिणार नाही. पापाच्या आधीचं आणि नंतरचं लिहिलंय तेवढंच.

प्रायश्चित्त म्हणून फादर तिला तीन नमो मरिया (मरियामातेची छोटी प्रार्थना) द्यायचे. ती बाकावर येऊन म्हणायची, दोन झाल्या की एक झाल्या यात अडकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. रिक्षात बसल्यावरही ओठ हलत असायचे. मी एकदा फादरना विचारलं, प्रायश्चित्त पुरं झालं नाही तर? ते म्हणाले, विसरून राहिलं तर क्षमा रद्द होत नाही, तुम्ही तिच्या नमो मरिया मोजू नका.

दादाला हे सगळं पटत नव्हतं. तो म्हणायचा, हिला काय आठवतंय? पाप सांगता येत नाही तर क्षमा कसली? फादरचा वेळ कशाला खायचा? एकदा तर स्वयंपाकघरात उभं राहून आईच्या देखत म्हणाला, ‘हे नाटक बंद कर.’ तिला ऐकू गेलं नसेल असं आपण धरू. मी तेव्हाच त्याला म्हटलं की ज्या माणसाला शुद्ध नाही, ज्याला बोलता येत नाही, त्यालाही चर्च पापक्षमा देतं. आजाऱ्याला तेल लावून द्यायच्या संस्काराबद्दल, तैलाभ्यंगाबद्दल, तर कायद्यात सरळ लिहिलंय की माणूस पुरता समजदार आहे की नाही, आजार जिवावरचा आहे की नाही, अगदी जीव गेलाय की आहे अशी शंका असली तरी द्या. शंकेचा फायदा माणसाला. आमचा दादा मात्र शंकेचा फायदा नियमाला देणारा.

आई गेल्यावर महिन्याच्या मिस्साला सगळे जमले होते. जेवणं आटोपली आणि दादाने मला गच्चीवर बोलावलं. आईच्या पाटल्या सापडत नव्हत्या. त्यावरून घरात आधीच धुसफूस होती. वहिनीला कुणीतरी सांगितलं होतं की त्या पावसाच्या शनिवारी मी आत बसले होते. दादा म्हणाला, ‘आई पाटल्यांचं काही बोलली का फादरजवळ?’

मी म्हटलं, सांगता येणार नाही.

‘तू काय फादर आहेस?’

नाही. पण कॅनन 983 चा दुसरा भाग फादरसाठी नाहीच. दुभाषा असेल तर त्याने आणि कन्फेशनमधून कुणाचं पाप कुठल्याही रीतीने ज्याच्या कानावर पडलं अशा प्रत्येकाने ते गुप्त ठेवायचं, असं तिथे म्हटलंय. फादरने फोडलं तर तो त्या क्षणी बहिष्कृत. बाकीच्यांनी फोडलं तर त्यांनाही शिक्षा आहे, बहिष्कारापर्यंत जाऊ शकते. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तिला भान नव्हतं. ते कन्फेशनच नव्हतं. मग गुप्तता कसली?’

म्हणजे पाहा. सात-आठ वर्षांच्या पोरीचं कन्फेशन एक पाप राहिलं म्हणून खोटं. ऐंशी ओलांडलेल्या बाईचं सगळंच आठवत नाही म्हणून खोटं. दादाच्या हिशोबात खरं कन्फेशन फक्त वकिलाने करावं असं दिसतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाताळच्या केकपुरतं उरलंय. पाटल्यांचं ती बोलली की नाही, हेसुद्धा मी सांगितलेलं नाही, कारण ‘नाही बोलली’ म्हणणं हेही सांगणंच झालं.

तर तुमच्याकडे येते. कॉलेजातली गोष्ट पाप होती की नव्हती हेच माहीत नसेल, किंवा गंभीर होती का याबद्दल खरोखर शंका असेल, तर सांगायचं बंधन नाही. सांगून हलकं वाटणार असेल तर एकदा सांगा, ‘फादर, हे पाप होतं का मला नक्की माहीत नाही’ अशा शब्दांत. पाप नक्की, गंभीरही नक्की, आणि फक्त सांगितलं होतं का एवढीच शंका असेल, तर ‘बहुतेक सांगितलंय’ म्हणून एकदा बोलून मोकळं व्हावं. पण जी व्यक्ती नेहमी मन लावून कन्फेशन करते तिने सांगितलंच असणार असं धरायला काही हरकत नसते, आणि प्रश्नावरून तुम्ही त्यातल्याच दिसता. एकदा म्हणजे एकदा. दर महिन्याला तीच जुनी मढी उकरायची नाहीत. हे इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही, सुधारून सुधारून पुन्हा भरायला.

संत इग्नेशियसचं याच पायी काय झालं ते वाचा. 1522 मध्ये स्पेनमधल्या मोन्सेरातला त्यांनी आयुष्याचं कन्फेशन लिहून काढून केलं, तीन दिवस चाललं होतं. तरी मानरेसाला गेल्यावर काही राहिलं, काही राहिलं, म्हणून जीव खाऊ लागले. कन्फेसरने (कन्फेशन ऐकणाऱ्या फादरने) सांगितलं की अगदी स्पष्ट असेल ते सोडून मागचं काही सांगू नका. झालं उलटंच, त्यांना सगळंच स्पष्ट वाटायला लागलं! खोलीतल्या मोठ्या भगदाडातून उडी टाकावीशी वाटण्यापर्यंत मजल गेली, देवाने सोडवावं म्हणून आठवडाभर अन्न वर्ज्य केलं, शेवटी फादरच्या हुकुमाने जेवले. मग एक दिवस ठरवलं की मागच्या पापांचं कन्फेशन पुन्हा करायचं नाही. नंतर त्यांनी येशूसंघ, म्हणजे जेझुइट फादरांचा संघ, काढला. कन्फेसर लोकांचे आश्रयदाते संत आल्फोन्सस लिगोरी हेही याच दुखण्यातले. तेव्हा स्वतःला फार पापी समजू नका, संगत चांगली आहे.

पुण्यात फादरांना तोटा नाही. नगर रोडला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या फादर घडवणाऱ्या संस्था, कॅम्पात दर थोड्या अंतरावर चर्च. म्हणून लोक ओळखीचे फादर टाळून दर वेळी नवे गाठतात. शंकेखोर माणसाने नेमकं हेच करू नये. एक फादर धरा, त्यांना हा स्वभाव सांगा, आणि ते ‘पुन्हा हे आणू नका’ म्हणाले तर आणू नका. नव्या फादरला मागचं माहीत नसतं, तो सरळ मनाने ऐकून घेतो आणि चक्र पुन्हा सुरू.

थोडं राहिलंच. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, ऐकून-वाचून आणि दादाशी भांडून शिकलेली आहे. तुमच्या त्या गोष्टीत कुणाचे पैसे किंवा वस्तू अडकली असेल, तर क्षमा झाली तरी ती परत करायचं उरतंच. (हे दादाने माझ्याविरुद्ध वापरू नये.) शिवाय दादाच्या एका म्हणण्यात तथ्य होतं: भान नसलेल्या माणसाकडून नवं गंभीर पाप घडत नाही. आईला दर आठवड्याला जायची गरज नव्हतीच. तिला जायचं होतं, बस. आणि राहिलं-राहिलं हा विचार रात्रंदिवस सोडत नसेल, झोप उडत असेल, तर फादरबरोबर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धा कमी पडल्यासारखं काही नाही.

नवऱ्याला सांगावं का, हा कन्फेशनचा प्रश्न नाही, तुमचा दोघांचा आहे. मला त्यात ओढू नका.

आणि हे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या रांगेत नेऊ नका. मागे वीस माणसं उभी असताना फादर कुणालाच पुरत नाहीत. मधल्या वारी, संध्याकाळच्या मिस्साआधी फोन करून वेळ मागा, ‘लग्नाआधी जरा सविस्तर बोलायचंय’ म्हणून सांगा. बहुतेक जण देतात.