गर्दी जमली, पण कम्युनिटी कुठाय?

प्रश्न : ताई नमस्कार. पाच वर्षं बॅकएंडला काढली आणि आता एका स्टार्टअपमध्ये डेव्हरेलला (डेव्हलपर रिलेशन्स) आलोय, आमचं पेमेंटचं एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या ॲपला पैसे घेता यावेत म्हणून त्यांच्या कोडला जोडायची सोय. मीटअप घेतले, टी-शर्ट वाटले, डिस्कॉर्डवर (ग्रुप चॅटचं ॲप) माणसं जमवली. आता सीईओ दर सोमवारी विचारतात, यातून धंदा किती आला? सेल्सवाले म्हणतात मीटअपची यादी दे, आम्ही फोन लावतो. घरी आई विचारते तू नक्की करतोस काय, तर तेही धड सांगता येत नाही. काय करू?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : आधी आईचं बघू, ते सोपं आहे. तिला सांग, आमची कंपनी जे बनवते ते दुसऱ्या प्रोग्रामरना वापरता यावं म्हणून मी त्यांच्यात जाऊन बसतो आणि त्यांची बोंब कंपनीत आणून पोचवतो. काम तसं जुनंच आहे, १९८४ ला ॲपलचा मॅकिन्टॉश आला तेव्हा त्याच्यावर चालणारी सॉफ्टवेअरच फारशी नव्हती, मग गाय कावासाकी वगैरे मंडळी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मागे लागायची की आमच्या मशीनसाठी लिहा बाबांनो.

यादी अजिबात देऊ नकोस. लोकांनी नंबर दिला तो मीटअपसाठी. शनिवारी येऊन गेला आणि सोमवारी सेल्सचा फोन, असं झालं की तो माणूस परत येत नाही आणि चार जणांना सांगतो ते वेगळंच. कोणी आपणहून रेट विचारला तर त्याला विचारून गाठ घालून दे, तेवढं पुष्कळ.

टी-शर्टचं मात्र बोलायलाच हवं. डिजिटल ओशन या क्लाउड कंपनीचं हॅक्टोबरफेस्ट माहिती असेलच, २०१४ ला सुरू झालं, ऑक्टोबरात ओपन सोर्सला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टना, ठरावीक पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये हा बदल घ्या अशी विनंती) केल्या की तेव्हा टी-शर्ट मिळायचा. कल्पना छानच होती. पण २०२० ला काय झालं, कोणीतरी यूट्यूबवर दाखवलं की रीडमी फाइलमध्ये (प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाइल) एखादा शब्द वाढवला तरी चालतं, की आली लाट, "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढंच जोडलेल्या रिक्वेस्ट, आणि फुकटात प्रोजेक्ट सांभाळणारे बिचारे त्या बंद करत बसले. महिना सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच नियम बदलायला लागला, की जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे. त्या लाटेत आपल्याकडची पोरं भरपूर होती, आणि त्यांना शिव्याही भरपूर बसल्या. मला विचारशील तर बक्षीस मोजणीवर ठेवलं होतं, पोरांनी मोजणी भरून दिली. तुझा डिस्कॉर्डचा आकडाही त्याच जातीचा आहे, म्हणून सीईओंना तो पटत नाहीये आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मग दाखवायचं काय? कधीही तुमचं एपीआय न वापरलेला एक डेव्हलपर पकड, त्याच्यासमोर तुमचं क्विकस्टार्टचं (सुरुवात कशी करायची ते सांगणारं) पान उघड, शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. तो डॉक्समधून कमांड कॉपी करेल आणि ती चालणार नाही, कारण डॉक्स ज्या एडिटरमध्ये लिहिली त्याने सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करून ठेवलीत, डोळ्याला कळत नाही पण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) अडतं, आणि तो बापडा पंधरा मिनिटं स्वतःलाच दोष देत बसतो. त्यातून सुटला की टेस्ट की (खरे पैसे न फिरवता करून बघायची किल्ली) घ्यायला जाईल, तिथे फॉर्म जीएसटी नंबर मागतो. अरे शनिवारी रात्री घरी बसून ट्राय करणाऱ्या पोराकडे कुठला आलाय जीएसटी नंबर! खरे पैसे घेणाऱ्या लाइव्ह कीसाठी केवायसी मागा, मागायलाच लागतं, पण टेस्टसाठी कशाला? तिथेच माणूस टॅब बंद करतो आणि तुमच्या कोणाच्या डॅशबोर्डवर ते दिसतसुद्धा नाही.

साइनअपपासून एपीआयचा पहिला कॉल (त्याच्या कोडने तुमच्या सिस्टिमला केलेली विनंती) यशस्वी व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेव, प्रॉडक्टवाल्यांकडून या दोन गोष्टी बदलून घे, परत नवा माणूस बसवून मोज. सोमवारी हा कागद ठेव समोर. सोबत अजून एक, तुमच्या फोरमवर जे प्रश्न सुटतात त्यातले किती तू सोडवले आणि किती दुसऱ्या युझरने. दुसऱ्याने सोडवलेले वाढत असतील तर कम्युनिटी होतेय, नाहीतर तू कस्टमर केअर चालवतोयस.

आणि तुमचं तर पेमेंटचं काम आहे, १ ऑक्टोबर २०२१ आठव, रिझर्व्ह बँकेचा आपोआप कटणाऱ्या कार्ड पेमेंटचा नवा नियम लागू झाला आणि ५००० रुपयांवरच्या प्रत्येक पेमेंटला ओटीपी आला (मर्यादा पुढे २०२२ मध्ये १५००० झाली). सबस्क्रिप्शनचा कोड लिहिलेल्यांना तेव्हा मीटअप नको होता, आपल्या कोडमध्ये काय बदलायचं याचं एक साधं पान हवं होतं. असं पान वेळेवर टाकणं हे तुझं काम. टी-शर्ट नंतर.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात कोडिंग क्लब काढला, व्हॉट्सॲप ग्रुपवर ६०० जण आहेत. पहिल्या कार्यक्रमाला हॉल भरला, दुसऱ्याला अकराच आले. स्पॉन्सर मिळाला तर लोक येतील का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पहिल्याला हजेरी लागत होती ना? मग झालं. पंगतीला बसलेले सगळे काही घरचे नसतात गं, जे अकरा परत आले तेच तुझे. स्पॉन्सरच्या नादाला लागू नकोस, मिळाला तर गर्दी वाढेल, ती नकोच आहे आत्ता. त्यापेक्षा दिवस पक्का कर, समज महिन्याचा दुसरा शनिवार, कॉलेजची एक लॅब, दोन तास, आणि अकराचे सात झाले तरी रद्द करायचं नाही. दर वेळी एका नव्या माणसाला दहा मिनिटं बोलायला लाव, मराठीत बोलू दे, स्लाइड नसली तरी चालेल. पुण्यात सिम्बायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये जीएनयूनिफाय नावाचा ओपन सोर्सचा मेळावा वर्षानुवर्षं पोरांनीच चालवला. पायकॉन इंडिया, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची परिषद, तीही २००९ पासून व्हॉलंटियरच करतायत. शहराबाहेरची ओळख हवी असेल तर फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्या संस्थेकडे बघ, त्यांचे गावोगावचे चॅप्टर आणि कॉलेज क्लब आहेत.

गिट (कोडमधले बदल सांभाळायचं साधन) शिकवशील तेव्हा सरावाला क्लबची स्वतःची रिपो (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) कर. २०२४ ला एक्स्प्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या रिपोवर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी व्हिडिओ बघून रीडमीत आपापली नावं जोडायच्या रिक्वेस्ट पाठवल्या, जगभर शोभा झाली. आणि ग्रुपवर सुटलेला प्रश्न वर जाऊन हरवतो, तो कुठेतरी सर्चला सापडेल असा लिहून ठेवायला एकीला नेमून दे.

प्रश्न : आमची कंपनी फ्री प्लॅन बंद करतेय. मला "एक्सायटिंग अपडेट" म्हणून पोस्ट लिहायला सांगितलंय. कम्युनिटी मला ओळखते, तोंड कसं दाखवू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एक्सायटिंग हा शब्द आधी काढा. ॲप इंटरनेटवर चालवायला जागा देणाऱ्या हेरोकूने २५ ऑगस्ट २०२२ ला फ्री प्लॅन जाणार म्हणून सांगितलं आणि २८ नोव्हेंबरला बंद केला, म्हणजे तीन महिने हातात होते, तरी लोक चिडलेच, कितीतरी पोरांचे फायनल इयरचे प्रोजेक्ट तिथे होते. चिडणार हे धरूनच चला. पण चिडलेला माणूस आणि फसवला गेलेला माणूस यात फरक आहे, फसवल्यासारखं वाटलं की लोक भांडत बसत नाहीत, सरळ निघून जातात. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ ला टेराफॉर्म या आपल्या सर्व्हर उभारायच्या टूलचं खुलं लायसन्स बदलून अटी घातल्या, सप्टेंबरात त्याचा फोर्क (जुन्या खुल्या कोडवरून लोकांनी काढलेली वेगळी आवृत्ती) ओपनटोफू नावाने लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्सच्या संस्थेत होता.

तुम्ही निर्णय घेतलेला नाही, तेव्हा "आम्हालाही वाईट वाटतंय" वगैरे लिहू नका, ते फार खोटं दिसतं. पहिल्या ओळीत तारीख. दुसऱ्या ओळीत काय डिलीट होणार आणि काय राहणार. मग डेटा बाहेर कसा काढायचा, विद्यार्थ्यांसाठी काही सवलत आहे की नाही, नसेल तर नाही असं स्पष्ट. पोस्ट टाकल्यावर दोन दिवस दुसरं काही काम घेऊ नका, खाली येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला बसा. आणि पोस्टच्या आधी एका फ्री अकाउंटवरून एक्सपोर्टचं बटण स्वतः दाबून बघा, फाइल उघडते का बघा. उघडत नसेल तर वर जाऊन तारीख पुढे ढकलायला सांगा, तोवर पोस्ट टाकू नका.