कवटीची लांबी दरवेळी वेगळी येते त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की एकाच कवटीची लांबी एकदा १६८ मिमी आणि परत मोजली की १७७ येते, आणि गाईड म्हणतात कॅलिपर, म्हणजे मोजायचं ते दोन टोकांचं साधन, तपासा. वाचून पोटात गोळाच आला, इथेच सोलापुरात डिझर्टेशनच्या वेळी माझंही हेच झालं होतं. कॅलिपर ठीक असणार हो. मागचा पॉइंट तुम्ही डोळ्यांनी शोधताय, तो तसा सापडत नाही.

मी ग्लॅबेला, म्हणजे दोन भुवयांच्या मधला पॉइंट, धरला, मागे बोटाला उंचवटा लागला, झालं, दुसरं टोक त्यावर ठेवलं. तो इनिअन! लांबीसाठी हवा तो ऑपिस्थोक्रॅनिअन, म्हणजे ग्लॅबेलापासून सगळ्यात लांबचा मागचा पॉइंट, तो बहुतेक त्याच्या वर असतो आणि त्याला स्वतःची काही खूण नसते. एक टोक ग्लॅबेलावर घट्ट धरून दुसरं मधल्या रेषेत वर-खाली फिरवायचं, आकडा सगळ्यात मोठा येईल तिथे तो, फक्त तो उंचवटा सोडून. रुंदी १३४ धरा. लांबी १७८ असेल तर इंडेक्स (रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर) ७५.३ येतो, १६७ घेतली तर ८०.२, म्हणजे मध्यम डोक्याचा माणूस बसल्या जागी रुंद डोक्याचा. माझ्या ४० कवट्या अशाच चुकीच्या मोजून झाल्या होत्या, त्या परत मोजायच्या होत्या.

चूक माझीच, पण खरा वेळ खाल्ला तो कवट्या ठेवलेल्या खोलीच्या किल्लीने. "एकदा परवानगी दिली ना मॅडम, परत कशाला?" मग नवा अर्ज, साहेब रजेवर, साहेब आले तर किल्लीवाला रजेवर, मे महिन्याच्या उन्हात रोज हेलपाटे, दीड महिना गेला बघा. म्हणून म्हणते, अर्जातच 'पुनर्मोजणीसह' लिहून टाका. आणि पहिल्या पाच कवट्या आठवड्याने, जुने आकडे न बघता परत मोजा, मगच पुढे जा.

कवटी टेबलावर गडगडते म्हणून मी जुन्या चादरीची चुंबळ करायचे, चांगली बसते. उचलताना डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालू नका, तिथलं हाड कागदासारखं असतं.

मी अ‍ॅनाटॉमीवाली, मानवशास्त्रवाली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गाईडचाच. पण लॅम्डापाशी, म्हणजे मागे कवटीच्या शिवणी भेटतात तिथे, जादा हाडाचे तुकडे आहेत म्हणालात ना, तिथे तुकड्याच्या टोकाला पॉइंट धरू नका, शिवणींची मूळ दिशा पेन्सिलीने हलकेच पुढे न्या आणि त्या भेटतील तिथे घ्या. पेन नको, माझ्या एका कवटीवर निळा ठिपका अजून आहे.