मेडिकल असिस्टंटला दिवसभर काम काय असतं? बीपी घेऊन फाइल पुढे द्यायला कोर्स कशाला?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण आमच्या क्लिनिकमधल्या एका सीनियर सरांशी माझं यावरूनच वाजलं होतं.

एक मावशी आल्या, अंगाने भारी, जिना चढून धाप लागलेली. सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या नेहमीचा कफ (दंडाला गुंडाळायचा बीपीचा पट्टा) स्वेटरच्या बाहीवरूनच आवळला, हात खाली लोंबतोय, मावशींचं बोलणं चालूच, आकडा आला १६८/१००. म्हणाले लिही आणि आत पाठव, बाहेर गर्दी आहे. मी नाही लिहिला. मावशींना पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसवलं, बाही मोकळी केली, मोठा कफ लावला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि दोनदा बीपी घेतलं. १३८/८६ च्या आसपास. कफच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी पुरायला हवी, लहान पडली की आकडा खोटाच जास्त येतो, हात लोंबला तरी जास्त, बोललं तरी जास्त. आणि डॉक्टर गोळी वाढवायची का नाही ते याच आकड्यावरून ठरवणार! सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं बारीक बघत बसलीस तर रात्र होईल." होऊ दे की. नको ती गोळी कुणाच्या गळ्यात मारण्यापेक्षा उशीर परवडला, हे मी आजही त्यांना तोंडावर सांगेन.

बाकी काम म्हणजे नाव-जन्मतारीख विचारून पेशंट तोच आहे ना बघणं, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, ईसीजी, लशींचा फ्रिज २ ते ८ डिग्रीत आहे का ते बघणं, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने उपकरणं निर्जंतुक करणं, फोन. रक्त घेताना ट्यूबचा क्रमसुद्धा ठरलेला असतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, कारण त्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए नावाच्या रसायनाच्या क्षारातच पोटॅशियम असतं. हे कोर्सशिवाय कोण शिकवणार?

कोर्स घेताना फी नंतर विचारा, आधी प्रत्यक्ष पेशंटवर सराव किती ते विचारा. आणि कुणी "कुठलाही कफ चालतो" म्हणालं तर टेप आणून दंड मोजून दाखवा, सीनियर असला तरी. हां, इंजेक्शन देणं, रक्त काढणं याची परवानगी सगळीकडे असतेच असं नाही, तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या.