शब्द दिला होता, गाडीचा

"मॅडम, पोराला चारचाकी गाडी घ्यायची का नाही, एवढंच सांगा. बाकी आमचं बरं चाललंय."

दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला सोमवार. समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, राहायला जुळे सोलापूर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा बारावीत, जानेवारीत 18 पूर्ण होणार. दहावीच्या वेळी हे बोलून बसले होते, "नव्वदच्या वर काढ, अठरा पूर्ण झाली की तुझी स्वतःची गाडी." पोराने 91 टक्के काढले. मधल्या काळात चुलत भावाला नवी कोरी गाडी मिळाली आणि ती यांच्याच फाटकासमोर लागते. आईचा साफ नकार. वडिलांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला: "शब्द मोडला तर पोरगं परत माझं कशाला ऐकेल?"

निकालाच्या दिवसांत असे पालक हमखास येतात. कधी गाडी असते, कधी बुलेट, कधी आयफोन. मी विचारलं, "आत्ता तो क्लासला कसा जातो?"

आई खाली बघत म्हणाली, "ॲक्टिव्हावर."

"कधीपासून?"

"नववीपासून."

म्हणजे गाडी द्यायची की नाही, याचा निकाल या घरात तीन वर्षांपूर्वीच लागला होता. 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. अपघात झाला तर लायसन्स नसल्याचं कारण देऊन विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचे पैसे नाकारते, ते वेगळंच. वडिलांना यातलं बरंचसं ठाऊक होतं. "पण मॅडम, क्लास एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला. सिटी बसची वाट बघत बसलं तर तास बुडतो." हे मी नाकारणार नाही. सोलापुरात राहणारी आई मीही आहे.

मुलासोबतची पहिली भेट मी वाया घालवली. कलमं ऐकवत बसले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदा सात रस्त्याला थांबून बघा. निम्मी पोरं माझ्याच वयाची असतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वेळी कायदा बाजूला ठेवला. "गाडी आली की पहिल्यांदा कुठं जाणार?"

"तुळजापूर." त्याचा चेहरा उजळला. "आम्ही पाच जण. रात्री निघायचं, पहाटे दर्शन, येताना धाब्यावर नाष्टा."

नवा चालक, रात्रीची वेळ आणि गाडीत भरलेले मित्र. या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, हे रस्ता सुरक्षेवर काम करणारे लोक जगभर सांगतात. त्यात आपल्याकडे हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. मी फक्त विचारलं, "त्या रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली कधी बघितलीस?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हिपरग्याच्या तलावापाशी पप्पांनी एकदा करकचून ब्रेक मारला होता. ट्रॉलीला मागं लाइट नाही, काही नाही. मम्मी रडायला लागली."

"तेव्हा पप्पांना गाडी चालवून किती वर्षं झाली होती?"

"वीस तरी."

पुढे मी काही बोलले नाही.

वडिलांना मात्र माझं मत स्पष्ट सांगितलं. अठराव्या वर्षी लायसन्स जरूर काढा, घरची जुनी स्विफ्ट त्याला शिकवा. पण स्वतःची गाडी आणि स्वतःच्या खिशात किल्ली, हे आत्ता नको. घरच्या गाडीची किल्ली खुंटीवर असते. ती मागावी लागते आणि मागताना कुठं, कोणासोबत, कधी परत, हे आपसूक सांगावं लागतं. मला त्या सांगण्याचं मोल वाटतं. ऐपत असण्या-नसण्याचा इथे संबंध नाही. यांची ऐपत होती.

"मग मी खोटा पडतो की," ते म्हणाले.

"खोटे पडत नाही, चुकलात. तेच त्याला सांगा."

दोन आठवडे त्यांना जमलं नाही. धंद्यात पन्नास माणसं सांभाळणाऱ्या माणसाला पोरापुढे 'चुकलो' म्हणणं किती जड जातं, ते मी अनेक घरांत पाहिलंय. शेवटी एका रात्री जेवताना बोलले. आईने मला नंतर सांगितलं, "हे म्हणाले, मार्कांवर गाडी लावली ते माझं चुकलं. मार्क पडले म्हणून स्टिअरिंगवर हात बसत नाही."

मुलगा ताटावरून उठला. चार दिवस बोलला नाही. दुसऱ्याच दिवशी वडिलांचा मला फोन, "घेऊनच टाकू का?" मी म्हटलं, थांबा. मुलाने रागावायला हरकत नाही, तुम्ही घाबरू नका.

खरी कसरत ॲक्टिव्हाची झाली. लायसन्स येईपर्यंत ती बंद ठेवायची, असं ठरलं. म्हणजे पहाटेच्या क्लासला आईने सोडायचं, परत शेअर रिक्षा. तिसऱ्याच आठवड्यात पाहुणे आले आणि वडिलांनीच त्याला ॲक्टिव्हा देऊन दही आणायला पिटाळलं. पोरगं गेलंही खुशीत. परत येऊन दह्याचा डबा ठेवत म्हणालं, "दह्यासाठी चालतं वाटतं." त्या दिवसापासून ती किल्ली आईच्या पर्समध्ये.

जानेवारीत त्याने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरून लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं, आणि 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पण मध्ये बोर्डाची परीक्षा होती. एप्रिलपासून रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, पुढे-मागे लाल 'एल' लावून बापलेक होटगी रोडला जाऊ लागले. पक्कं लायसन्स आल्यावरही वर्षभर गाडीत एकच मित्र आणि अंधार पडायच्या आत घरी, हे त्याने कबूल केलंय. चुलत भावाची गाडी दिसली की अजून तोंड वाकडं होतं, असं आई सांगते.

मेमध्ये वडिलांचा पुन्हा फोन आला. आवाज तक्रारीचा.

"मॅडम, पोरगं काय म्हणायलंय माहितंय का? पप्पा, शेजारी बसून फोनवर बोलायचं नाही. आणि तुम्ही चालवतानाही नाही. फोन कप्प्यात टाकल्याशिवाय गाडी सुरूच करत नाही ओ. सकाळी सूतवाल्यांचे फोन असतात माझे. काय करू?"

"कप्प्यात टाका," मी म्हटलं.