चिपर रानात ठेवताय? रोज पीटीओ शाफ्ट घरी न्या

पाव्हणं, तुमचं रान कागलकडं, शेड वस्तीपासून लांब. भावाभावांत मिळून ट्रॅक्टरवर चालणारा चिपर, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणारं मशीन, घेतलाय, शेजारच्या मळ्यातली मोटारीची केबल चोरीला गेल्यापासून घरात सगळ्यांना घोर लागलाय, आणि वर पाती लवकर बोथट होतात. दोन्हीचं उत्तर एकदमच देतो. काम संपल्यावर जो माणूस रोज मशीनला हात लावतो, त्याच्या मशीनला चोर सहसा हात लावत नाही, आणि ते बिघडतंही कमी.

पहिलं काम म्हणजे पीटीओ शाफ्ट, ट्रॅक्टरची ताकद चिपरला देणारा फिरता दांडा. चिपर काही क्विंटलांचा असला तरी थ्री-पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या तीन ठिकाणच्या जोडणीला, जोडून चोरून न्यायला दुसऱ्या ट्रॅक्टरला दहा मिनिटं पुरतात. शाफ्ट एकटा माणूस काढतो आणि खांद्यावर टाकून नेतो. तो महाग असतो, सुटा विकलाही जातो, म्हणून आधी तोच जातो. रोज संध्याकाळी काढा आणि घरी न्या. काढताना सांध्यातल्या क्रॉसची ग्रीस भरायची निप्पलं दिसतात, ग्रीस आहे का कळतं, आतला पाइप पुसून होतो, वरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलंय का तेही बघून होतं. हे कव्हर तुटलं असेल तर मशीन चालवूच नका. मिनिटाला 540 फेऱ्यांवर फिरणाऱ्या शाफ्टात धोतर, ओढणी, बाही अडकली तर माणूस सुटत नाही.

चेन लावायची तर थ्री-पॉइंटच्या पिनांतून ओवू नका. पिन उपसली की चेन मोकळी. मुख्य चेसिसची जी बंद चौकट असते तिच्यातून ओवा आणि शेडाच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या जाड कडीला बांधा. चेन कडक केलेल्या पोलादाची घ्या, दुकानातली साधी साखळी नको. तरी बॅटरीवरच्या ग्राइंडरनं कुठलीही चेन कापता येते. कुलपामुळं चोराचा वेळ जातो आणि आवाज होतो, त्याचं काम तेवढंच. म्हणून चिपर जोडणीची बाजू भिंतीकडं करून उभा करा आणि पुढं ट्रॉली आडवी लावा. रात्री आलेल्याला आधी ट्रॉली हलवावी लागेल.

कॅमेरा घेणार असाल तर सोलरवर चालणारा, सिमकार्डाचा घ्या. शेतीच्या फिडरला वीज पाळीनं येते. लाइटीवर चालणारा कॅमेरा नेमका अंधारात बंद पडतो. जीपीएस ट्रॅकर बसवलात तर स्वतःची बॅटरी असलेला बसवा, आणि तो कुठं बसवलाय हे गड्यालाही सांगू नका.

नंबराची पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते, छिन्नीनं उडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडं नंबर पंच असतात. चेसिसवर दोनतीन जागी तुमची खूण ठोकून घ्या, त्यातली एक अशी की खाली वाकल्याशिवाय दिसणार नाही. तिचे फोटो, बिल आणि सिरियल नंबर मोबाइलबरोबर घरी कागदावरही ठेवा. पोलीस ठाण्यात फिर्याद देताना आणि पुढं भंगारात मशीन सापडलं तर ते तुमचंच आहे हे दाखवताना हेच लागतं. 1 जुलै 2024 पासून साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं. माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर 305, त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. विमा घेताना एक विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसींत कुलूप फोडल्याची खूण नसेल तर दावा मिळत नाही. तेव्हा शेडाला दार आणि कुलूप पाहिजेच.

आता पाती. ती बोथट होतात बहुतेक मातीनं. फांद्या जमिनीवरून फरफटत आणल्या की सालीत वाळू भरते, मुळाचा बुंधा तर सरळ धारच खातो. रस्त्याकडच्या झाडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि तारा असतात, त्या एका फटक्यात पात्याचा तुकडा काढतात. टाकण्याआधी फांदी बघा. नारळाच्या झावळ्या टाकत असाल तर त्यांचे धागे रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या भागाच्या, शाफ्टला बेअरिंगजवळ गुंडाळले जातात, सील जातं, बेअरिंग तापतं. धागे त्याच दिवशी कापून काढा.

तुकडे स्वच्छ कापले न जाता चिंध्या पडायला लागल्या, मशीन फांदी ओढेना, ट्रॅक्टर दमायला लागला, की धार गेली समजा. पण धार लावूनही चिंध्याच पडत असतील तर पातं आणि समोरचा ठोकळा (ज्याला टेकून फांदी कापली जाते) यांतली फट वाढली आहे. मशीनच्या पुस्तकात दिलेली फट फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून बसवा. धार लावून घेताना कारागिराला दोन गोष्टी सांगा: वरून पाणी सोडत सरफेस ग्राइंडरवर लाव, आणि सगळी पाती सारखीच घास. हातग्राइंडरनं लोखंड निळं पडलं की पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, ते पातं दोन दिवसही टिकत नाही. एक पातं हलकं झालं की रोटर डुगडुगतो आणि बेअरिंग खातो. पात्याचे नट दरवेळी नवे घाला.

हे सगळं करताना ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, शाफ्ट काढलेला. पीटीओ बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबू द्या, मग लाकडाचा ठोकळा अडकवून काम करा. हॉपरमध्ये, म्हणजे फांद्या टाकायच्या तोंडात, हात कधीच घालू नका.

पावसाळ्यात काम नसेल तर पाती काढून ऑइल लावून, पोत्यात गुंडाळून घरी ठेवा. पात्यांविना चिपर कुणी घेत नाही आणि गंजही चढत नाही. ताडपत्री खालून मोकळी ठेवा, नाहीतर आत वाफ धरते. शेड पंचगंगेकाठच्या पट्ट्यात असेल तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फूट, म्हणजे इशारा पातळीला यायच्या आधीच मशीन उंचावर हलवा. 43 फुटांला धोका पातळी, तोवर रानातली वाट चिखलात गेलेली असते.